बाकाखालचा चार्जर

मंडळी, आधीच सांगून टाकतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. उलट लोकांची भुतं घालवणं हा माझा जोडधंदा आहे. नाशकात अशोकस्तंभापाशी माझं बॅटरी-इन्व्हर्टरचं दुकान. एकदा वणीकडच्या एका बंगल्यात, वीज गेली की जिन्याखालून कुणीतरी किंचाळतं म्हणून घरच्यांनी भगत आणला होता. लिंबं कापून झाली होती. मी गेलो, जिन्याखालच्या इन्व्हर्टरची बॅटरी बदलली, आणि भूत गप्प. भगताने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती आठवली की मला आजही गुदगुल्या होतात.

रंगवून सांगायची मला खोड आहे. बायको म्हणते, तुमची गोष्ट निम्मं पाणी काढून मगच ऐकावी. तर या वेळी मी ते स्वतःच काढलंय. उरलं ते असं...

दोन वर्षांपूर्वी, फेब्रुवारीत, एका द्राक्षवाल्या शेठने मुंबईकडून जुनी मोटर यॉट विकत घेतली. पस्तीस फुटी. ट्रेलरवर घालून कसारा घाटातून आणली आणि गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला त्याच्या फार्महाऊसच्या जेट्टीला बांधली. आत सोफा, किचन, संडास, सगळं. फक्त वायरिंग उंदरांनी खाल्लेलं. ते काम माझ्याकडे आलं. यॉटचं काम! नाशकातल्या किती बॅटरीवाल्यांनी केलंय सांगा. मी दुकानाच्या बोर्डावर 'मरीन' असं लिहूनसुद्धा घेतलं.

कामाला मी आणि गायकवाडकाका. काका एसटीच्या डेपोतून वायरमन म्हणून रिटायर झालेले. सत्तरीला टेकलेले, पण हात स्थिर. मी या धंद्यात पडलो तेव्हा बॅटरीची वायर कशी धरायची इथपासून मला त्यांनी शिकवलं. पुढे दुकान माझं झालं आणि ते माझ्याकडे यायला लागले, तरी मी त्यांना काकाच म्हणायचो आणि ते मला 'नंदू लेका'.

सगळं छान चाललं होतं. अडलं ते चार्जरवर.

बोट जेट्टीला उभी असली की किनाऱ्यावरची वीज घेऊन हा चार्जर चार मोठ्या बॅटऱ्या भरत राहतो. बॅटऱ्या होत्या मागच्या बाकाखाली, लाकडी कप्प्यात. आता आपल्याकडे घरोघरी ट्रॉली असते ना... खाली बॅटरी, तिच्या डोक्यावर इन्व्हर्टर. जन्मभर मी तेच लावत आलो. म्हणून मी चार्जर त्याच कप्प्यात, बॅटऱ्यांच्या बरोबर वर ठोकायला घेतला. वायर कमी लागते, झाकण लावलं की काही दिसत नाही.

काका म्हणाले, "नंदू, इथं नको."

"का?"

"घरात खिडकी असते लेका. हा डबा हाय. बॅटरी भरताना गॅस सोडती, तो वर जातो. वर काय ठेवतोयस तू? टिक टिक करून ठिणगी पाडणारी वस्तू."

"मग काय इंजिनपाशी लावू?"

"तिथं उकडून मरंल. आणि त्याच्या खालच्या अंगाला पाणी साचतं, तिथं पण नको. केबिनमधी लाव, चाकामागच्या भिंतीवर. कोरडी जागा हाय, हवा हाय. वायर जाड घे थोडी."

स्टिअरिंगच्या चाकामागची भिंत म्हणजे सागवानी, नुकतं पॉलिश केलेली. तिथं डबा लटकवायचा? तेवढ्यात शेठ आले. म्हणाले, "काय चर्चा चाललीय?" आणि माझ्यातला नटसम्राट जागा झाला. मी काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "काही नाही शेठ, काकांना वाटतंय ही एसटी आहे. कंडक्टरच्या डोक्यावर डबा लावू म्हणतात."

शेठ हसले. त्यांची दोन माणसंही हसली. मी तर माझ्या विनोदांना आधी हसतोच.

काकांनी पक्कड, टेस्टर, सगळं एकेक करून पिशवीत घातलं. घाई नाही, आदळआपट नाही. जेट्टीवर टाकलेल्या फळीवरून उतरताना एवढंच म्हणाले, "बाक तुमचं. त्यावर बसणार कोण, तेवढं बघा."

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. चौथ्या दिवशी कळलं, न्हाणीघरात घसरून पाय मोडलाय. मी भेटायला गेलो नाही. काम आहे, म्हटलं. खरं म्हणजे तोंड नव्हतं.

चार्जर मी बाकाखालीच लावला.

आता तो दिवस. शनिवार. दुसऱ्या दिवशी शेठचं कुटुंब पहिली चक्कर मारणार होतं. जेट्टीवर मी एकटा. शेठची माणसं बाजारात गेलेली, वॉचमन लांब गेटवर. शेवटचं झाकण बसवून मी फळी ओलांडून बाहेर आलो आणि जेट्टीवरच डबा उघडला. मेथीची भाजी, भाकरी, ठेचा. बोटीवर जायला ती एकच फळी, आणि मी तिच्या तोंडाशी पाय सोडून बसलेलो. एक वाजला होता. ऊन असं की पाण्याकडे बघवत नव्हतं. अर्धा तास झाला असेल, जास्त नाही. डोळा लागला नाही... बायकोशी फोनवर बोलत होतो, तिला विचारा.

हात धुऊन आत गेलो. केबिनमध्ये हिरवा दिवा लागलेला.

चार्जर चाकामागच्या भिंतीवर होता.

मी आधी हसलो. मग बाकाचं झाकण उघडलं. आत बॅटऱ्या जागेवर, वर लाकडात चार स्क्रूंची चार रिकामी भोकं. पुन्हा केबिनमध्ये आलो. डबा उभा लावलेला, खाली चार बोटं जागा सोडलेली. वायर जाड. ती वायर माझ्या गाडीतल्या रोलमधली होती, आणि गाडीची किल्ली माझ्या खिशात. नंतर जाऊन रोल पाहिला, तर कापलेला. आणि ती वायर भिंतीच्या कडेने नेऊन वीत-वीत अंतरावर मेणाच्या दोऱ्याने बांधलेली. गाठ वर, टोक आत दाबलेलं. मी प्लास्टिकच्या पट्ट्या वापरतो. दोऱ्याची ती गाठ मी फक्त एका माणसाच्या हातची पाहिली आहे, आणि तो माणूस त्या वेळी उपनगर नावाच्या भागात, आपल्या घरात पाय प्लास्टरमध्ये घालून पडलेला होता.

चांगल्या माणसाला तीन तास लागतील असं ते काम.

संध्याकाळी चारला शेठ बघायला आले. "अरे, इथं लावलात? बरं केलंत, मला दिसत तरी राहील." आता इथे मी खरं बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "सेफ्टी, शेठ. थोडं पॉलिश गेलं तरी चालेल."

रविवारी सकाळी शेठची आई आणि तीन नातवंडं त्या मागच्या बाकावर बसली. बोट अजून बांधलेली, चार्जर चालू. मला वास आला, सडक्या अंड्याचा. हा वास माझ्या धंद्यातल्या माणसाला कळतोच. मी वीज बंद केली, सगळ्यांना जेट्टीवर उतरवलं, झाकण उघडलं. एक बॅटरी फुगून पोटुशी झालेली, उकळत होती. झाकणाच्या आतल्या बाजूला थेंब धरलेले. कप्पा गॅसने भरलेला, आणि मी दहा मिनिटं, चार्जर जिथे होता त्या चार मोकळ्या भोकांकडे बघत उभा.

आजी म्हणाल्या, "काय झालं रे बाबा?" मी म्हटलं, "काही नाही आजी, बॅटरी खराब निघाली."

त्याच संध्याकाळी काकांकडे गेलो. द्वारका चौकापासून उपनगरपर्यंत मनाशी घोकत होतो... चुकलो काका, तुम्ही बरोबर होतात, मी ऐकलं नव्हतं, आणि हे असं असं झालंय.

"जयभीम काका."

"ये. लय उशीर केलास." कॉटवर बसलेले. काकूंनी चहा ठेवला. मी पायाची चौकशी केली, डॉक्टरांना नावं ठेवली. मग त्यांनीच विचारलं, "कुठं लावलास शेवटी?"

आणि माझ्या तोंडून काय निघालं, तर, "केबिनमध्ये. मीच हलवला. तुमचं पटलं मला."

काकांचा चेहरा असा उजळला की मला पुढचं बोलवेना. "उभा का आडवा?"

"उभा."

"खाली जागा?"

"चार बोटं."

"वायर बांधली का नुसती सोडली?"

"दोऱ्याने बांधली. तुमच्यासारखी गाठ."

त्यांनी मान वर केली. "दोरा कुठं मिळाला तुला?"

"मेन रोडला."

"मेन रोडला." त्यांनी कप बशीत ठेवला. माझ्याकडे बघत राहिले, रागाने नाही. एखादं पोर खोटं बोलतंय आणि खरं सांगायला त्याला अजून वेळ आहे, असं बघतात तसं. मी चहा पीत बसलो. शेवटी म्हणाले, "बरं," आणि काकूंना दिवा लावायला सांगितलं.

वाटलं, प्लास्टर निघालं की सावकाश सांगू. त्यांना बोटीवर नेऊ, ती भिंत दाखवू. प्लास्टर निघायच्या आठवड्यातच झोपेत गेले. हार्ट.

नंतर मी मेन रोड पालथा घातला, पंचवटीतली जुनी दुकानं पाहिली. तसला दोरा कुणाकडेच नव्हता. वॉचमनला विचारलं, शेठच्या माणसांना खोदून खोदून विचारलं. कुणी फळी ओलांडली नव्हती. तुमच्यापैकी कुणाला काही सुचत असेल तर जरूर लिहा, मला अजून काही कळलेलं नाही.

फक्त एक माणूस होता, त्याने मला स्वतःहून विचारलं होतं. त्याला काही माहीत होतं की नव्हतं, तेही मी कळून घेतलं नाही. मी थाप मारली, आणि तो सभ्य माणूस असल्यामुळे त्याने ती ऐकून घेतली.