पाचव्या खुर्चीवरचे परशराममामा

बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या आमच्या परशराममामांना कुणी कधी कसलं निमंत्रण दिलं नाही, आणि त्यांनी आजवर एकही व्यासपीठ चुकवलं नाही. माझ्या आईचे हे थोरले भाऊ. कारखान्यात टाइमकीपर होते, आता घरची भातशेती बघतो म्हणून सांगतात. शेती मामी बघते. मामा स्टेज बघतात.

कुस्तीचं मैदान, साहित्य संमेलन, डॉक्टर लोकांची परिषद, कन्नड शाळेचं स्नेहसंमेलन, त्यांना काहीही चालतं. डोक्याला फेटा, खांद्यावर घडीची शाल, हातात स्वतःच विकत घेतलेला गुच्छ. गुच्छ धरलेल्या माणसाला आमच्याकडं कोण अडवत नाही. लवकर जायचं, समईत तेल घालायचं, माइकवर दोन टिचक्या मारायच्या, आणि पाहुणे वर चढायला लागले की "बसा, बसा" म्हणत आपणही बसायचं. मराठी मंडळींना वाटतं ह्यांना कन्नडवाल्यांनी बोलावलंय, कन्नडवाल्यांना वाटतं मराठीवाल्यांनी. सीमाप्रश्न सुटायचा तेव्हा सुटेल, पण सुटला तर मामांची पंचाईत आहे.

मी माधवी. निपाणीतल्या एका सहकारी बँकेचे संगणक चोरांपासून सांभाळायचं काम करते. चोर आता संगणक फोडत बसत नाहीत, सरळ फोन करतात. "आक्का, बँकेतनं बोलतोय, तुमचं खातं बंद पडालंय बघा." आणि आमची बँक सावध राहा म्हणून संदेश पाठवते तो इंग्रजीत, तेही वकिलाला विचारून लिहिलेल्या इंग्रजीत. आमच्या एक खातेदार आहेत, कमलाक्का. तंबाखूच्या शेतीवर घर उभं केलेली बाई, पण असल्याच एका फोनला फसली. अहो, अनोळखी माणसाला मोबाइलवर आलेला आकडा सांगितलाच कसा, म्हणून मी जरा तावातावानंच विचारलं. कमलाक्का म्हणाल्या, "त्यो मला आक्का म्हनाला. तुमची बँक कवा म्हनली?"

मला वाईट वाटलं ते वाटलंच, रागही आला, बँकेचा आणि माझाही.

अशात बेळगावला कॅम्पमधल्या एका हॉटेलात सायबर सुरक्षेतल्या दिग्गजांचा मेळावा ठरला. फक्त निवडक निमंत्रितांसाठी. परिसंवादाला बेंगळुरू-पुण्याचे चार दिग्गज आणि पाचवी, स्थानिक म्हणून, मी. बँकांना नियम घालून देणाऱ्या समितीवर त्यातलेच दोघं होते. त्यांच्या कानावर कमलाक्कांचं तेवढं वाक्य घालायचं, संदेश माणसांच्या भाषेत पाठवा म्हणायचं, बाकी मला काही नको होतं. परिसंवादाचा विषय होता ‘कुणावरही विश्वास ठेवू नका’.

बंदोबस्त तर विचारू नका. आधी मोबाइलवरचा कोड दाखवायचा, मग चेहऱ्याचा फोटो, मग मनगटाला निळा पट्टा. मी आत बसून मनातल्या मनात उजळणी करत होते, तोवर गेटवरच्या पहारेकऱ्याचा फोन. नागेंद्र नाव त्याचं. मामा गुच्छ घेऊन गेटावर हजर. मामांनी "यावूर री?" म्हणून त्याचं गाव विचारलं होतं, तो हुक्केरीकडचा निघाला, मामांच्या साडूचं शेत त्याच्या मावशीच्या शेताला लागून निघालं. तरी बिचाऱ्यानं ड्युटी म्हणून मामांकडून माझा नंबर घेतला आणि विचारलं, मॅडम, हे तुमचे आहेत का. आता काय सांगणार मी? आईच्या सख्ख्या भावाला ओळखत नाही म्हणू? आमचेच आहेत म्हटलं. मागं कुठंतरी बसवा म्हटलं.

मामा आणि मागं बसणार! चार दिग्गजांची नावं पुकारली, ते वर चढले, आणि माझं नाव यायच्या आत पाचव्या खुर्चीत फेटा बसलेला होता. समोरची माझ्या नावाची पाटी त्यांच्या गुच्छामागं गेली होती. सूत्रसंचालकानं मान वर करून बघितलं, खुर्च्या भरल्यात म्हणून यादी बाजूला ठेवली. बेंगळुरूवाल्यांना वाटलं हे इथले कुणी बडे, इथल्यांना वाटलं बेंगळुरूहून आलेत. फेटेवाले गृहस्थ आणि सहकारी बँकेतली बाई, ह्यात दिग्गज कोण असा प्रश्न कुणाला पडायचं कारणच नव्हतं. माझ्या अंगाची लाही लाही झाली. उठून बोलावं तर मामांची अब्रू जाते, गप्प बसावं तर कमलाक्कांचं राहतं.

पहिल्या दिग्गजांनी आपण ह्या क्षेत्रात किती जुने आहोत ते सांगितलं. दुसऱ्यांनी आपण त्याहून जुने आहोत ते नम्रपणे सांगितलं. तिसऱ्या-चौथ्यांनी एकमेकांची स्तुती केली. मग मामांचं मत विचारलं. मामांचं भाषण एकच आहे, कुस्तीलाही तेच, डॉक्टरांनाही तेच. मान्यवरांनी सगळं सांगितलंच आहे, तेव्हा वेळेचं भान ठेवून एवढंच म्हणतो की तरुणांनी यातून बोध घ्यावा. सगळ्यात जास्त टाळ्या त्यांना पडल्या. एक दिग्गज तर कितीतरी वेळ मान डोलवत होते.

प्रश्नोत्तरांना माइक खाली आला तो मी अक्षरशः हिसकावून घेतला.

"पाचव्या खुर्चीवरच्या गृहस्थांना निमंत्रण नाही. ते माझे मामा आहेत. तुमचा सगळा बंदोबस्त ओलांडून ते आत आले, कारण मी आमचेच आहेत म्हटलं. आमच्याकडं माणसं अशीच फसतात."

मामांचा चेहरा पार उतरला. लहानपणी ह्याच माणसानं मला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली होती. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला. मामा खुर्चीच्या हाताला धरून उठले.

"पोरगी खरं बोलतीया," ते म्हणाले. "मला कुनी बोलिवलं न्हवतं. ही खुर्ची तिची हाय."

मी वर गेले, कमलाक्कांचं सांगायला तोंड उघडलं, आणि पहिले दिग्गज उठून टाळ्याच वाजवायला लागले. काय जिवंत प्रात्यक्षिक, म्हणाले, असं बेंगळुरूतही बघितलं नाही. अख्खं सभागृह उभं राहिलं. संयोजकांनी आधी एकमेकांकडं बघितलं आणि मग हात जोडून कौतुक स्वीकारलं. मामांना स्मृतिचिन्ह दिलं. मी माझ्या खुर्चीत टेकले तेव्हा आभार चालू होते, आणि आभार संपायच्या आत सगळे दिग्गज जेवणाच्या रांगेत होते.

परतताना रिक्षात मी मामांना काय काय बोलले ते आता सांगत नाही. कमलाक्कांचं सगळं ऐकवलं. त्यानंतर ते कुठल्या स्टेजवर गेलेच नाहीत. जेवतातही जरा कमीच, असं मामीनं फोनवर सांगितलं, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग एक दिवस मामांनीच बोलावून घेतलं. मोबाइलवर काहीतरी इंग्रजी आलंय, वाचून दाखव म्हणाले. बेंगळुरूच्या मोठ्या अधिवेशनाचं निमंत्रण होतं ते, फेट्यातल्या फोटोसकट. प्रमुख वक्ते परशराममामा, मानवी फसवणुकीचे तज्ज्ञ. जन्मातलं पहिलं निमंत्रण. मी खालपर्यंत वाचलं, परत वरपासून वाचलं.

"तुजं नाव कुटं हाय?" मामांनी विचारलं.

"न्हाय."

मामांनी मोबाइल खिशात घातला. मग म्हणाले, "निपानीच्या आक्काचं सांगायचं र्‍हायलंय न्हवं तुजं? चल माज्यासंगट. गेटावर मी बगतो, खुर्चीवर तू बस."

मी व्हय म्हटलं.