पडवीतून टोकावड्याला जाणारी रेल्वे

मुरबाड तालुक्यात रेल्वे नाही असं ज्याला वाटतं, त्याने माझ्या बायकोच्या मामांची पडवी पाहिलेली नाही. तिथे कल्याणहून निघून मुरबाड, सरळगाव करत टोकावड्यापर्यंत येणारी रेल्वे आहे आणि वाटेत ती मामींच्या भाताच्या कणगीला वळसा घालते. रूळ पत्र्याच्या पट्ट्यांचे, डबे बिस्किटांच्या डब्यांचे, इंजिनाला मोडक्या खेळण्यातली मोटर. डोंगर मामींनी कागदाच्या लगद्याने लिंपले, त्यामुळे माळशेजला जरासा चुलीचा आकार आला आहे.

मामा जन्मभर एसटीत कंडक्टर होते आणि निवृत्त झाले ते फक्त कागदोपत्री. आमच्या लग्नात मांडवाच्या तोंडाशी झुंबड उडाली, तेव्हा मुठीत अक्षता घेऊन ते ओरडले होते, "दारात गर्दी करू नका, पुढं सरका, पुढं जागा हाय!" आणि वऱ्हाड खरोखरच मुकाट्याने पुढे सरकलं. माझ्या मोटारीत बसले की सगळे चढल्याची खात्री करून दारावर दोनदा टकटक करतात. त्याआधी मी गाडी हलवली तर घरी पोचेपर्यंत अबोला. जेवण झाल्यावर ताटावरही दोन टिचक्या पडतात, तेव्हा कुठे मामींचा वाढायचा हात थांबतो.

साहजिकच त्यांची रेल्वेही एसटीसारखीच चालते. रुळांच्या कडेने त्यांनी मातीची माणसं उभी केली आहेत. डोक्यावर रानभाजीची पाटी घेतलेली ठाकरवाडीची बाई, विळा खोचलेला गडी, दप्तरवाली कॉलेजची पोरगी, काठी टेकणारी म्हातारी. प्रत्येकाचा एक हात वर. त्या प्रत्येकासाठी मामा बटण दाबून गाडी थांबवतात, म्हातारीसाठी अंमळ जास्तच, आणि मग डबल बेल. पडवी दहा पावलांची, पण रेल्वेला ती पार करायला पाऊण तास लागतो.

"मामा, रेल्वे अशी कुठेही थांबत नाही हो," मी एकदा म्हणालो.

"मग वाडीवरच्या माणसानं काय करायचं, जावईबापू? तिथं कुठं स्टेशन हाय?"



तरी मामांच्या मनाला एक रुखरुख होती. त्यांची रेल्वे आजवर कुणा रेल्वेवाल्याने पाहिली नव्हती. "त्या खात्यातल्या माणसानं एकदा म्हणावं, हाय, ही रेल्वेच हाय. मग मी सुखानं डोळे मिटीन," असं ते अधूनमधून म्हणत, आणि मामी "आधी भाताची गोणी हलवा, मग मिटा" म्हणत. शेवटी गेल्या हिवाळ्यात मी सापगावच्या एका निवृत्त रेल्वे गार्डांना गाठलं. त्यांनीही घरी छोटी रेल्वे मांडली होती. सकाळी आम्ही त्यांची पाहायची आणि दुपारी त्यांनी मामांची, असं ठरलं. मामांनी त्या दिवशी ट्रंकेतला खाकी शर्ट काढला.

गार्डसाहेबांची रेल्वे पाहून मामांचा चेहरा उतरला. कसारा घाट, बोगदे, घाटात गाडीला मागून रेटणारं जादा इंजिन, पेटणारे लाल-हिरवे सिग्नल. गार्डसाहेब घड्याळ बघून गाडी सोडत आणि ती सेकंद न चुकता पोचत होती. मामांनी बराच वेळ पाहिलं आणि हळूच विचारलं, "यात माणसं कुठं हायत?"

"माणसं?" गार्डसाहेब गोंधळले. "ती नाय ठेवली. अडचण होते."

मग वाकडी वाट करून आम्ही खऱ्या गाड्या पाहायला आसनगावला गेलो. फलाटावर उभे होतो तेवढ्यात एक मेल धडधडत आली, आणि मामांचा हात आपोआप वर गेला. गाडी धुरळा उडवत निघून गेली.

"ती इथं थांबत नाय, मामा," गार्डसाहेब म्हणाले.

"पण आपण उभे होतो ना?" मामा म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. टोकावड्याला परतताना मोटारीच्या दारावर टकटक करायचंही ते विसरले.

घरी आल्यावर मामांनी पडवीतली गाडी सोडली. गार्डसाहेब पूर्ण पाऊण तास बघत राहिले, पुढ्यातला चहा गार झाला. गाडी टोकावड्याला लागली तेव्हा मामांनी विचारलं, "बोला गार्डसाहेब. हाय का रेल्वे?"

"नाय मामा. खोटं कशाला बोलू? ही रेल्वे नाय."

मामींनी पदर तोंडाला लावला. असल्या परीक्षेला मामांना बसवल्याबद्दल मला माझाच राग आला.

गार्डसाहेब काठी टेकणाऱ्या म्हातारीकडे पाहत होते. "गार्डाचा डबा सगळ्यात मागं असतो," ते म्हणाले. "धावत आलेलं माणूस फलाटावर राहून गेलं, तर ते ड्रायव्हरला दिसत नाय, मलाच दिसतं. सगळी नोकरी मी तीच माणसं बघितली. तुमच्या गाडीमागं कोण राह्यलंच नाय."

मामा चहा परत टाकतो म्हणून स्वतःच आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

मुरबाडला कधीतरी खरी रेल्वे येईलही. वेळेवर सुटेल, ठरलेल्या जागीच थांबेल. गावं वाजतगाजत बघायला जातील. त्या दिवशी मामांना फलाटावर न्यायची मला आत्तापासूनच धास्ती वाटते.