पातळी पाहायची राहिली

आमच्या गाडीच्या मिस्त्रींइतका संशयी मनुष्य नांदेड आणि लातूर हे दोन्ही जिल्हे पालथे घातले तरी सापडायचा नाही. प्रत्यक्ष ब्रह्मदेवाने येऊन "सृष्टी पूर्ण झाली" असे सांगितले असते, तरी मिस्त्रींनी आधी पाणसळ लावून पृथ्वी समतल आहे की नाही ते पाहिले असते आणि मगच मान डोलावली असती. गवंड्याची ती पाणसळ त्यांच्या खिशात सदैव असे. गाडी दुकानासमोर उभी राहिली की ते मालकाला नमस्कार करण्याआधी ती गाडीच्या तळावर ठेवत, आणि आतला बुडबुडा मध्यावर येईपर्यंत चाकांखाली फळकुटे सरकवत बसत. एकदा लातूरचे एक व्यापारी घाईने म्हणाले, "अहो, तेलच बदलायचंय ना?" मिस्त्री मान वर न करता म्हणाले, "शेठ, वाकड्या पाटावर बसून तुम्ही तरी नीट जेवता का?"

आमच्या मुलाने सर्व कुटुंब मावेल अशी मोठी गाडी घेतली. तिचे गिअर आपोआप पडतात. मिस्त्रींना अशा गाड्यांचे भारी कौतुक. "हिला क्लच न्हाई गुरुजी, म्हून हिला अक्कल द्यावी लागली. आन् अक्कल हाय तिथं नखरे लई." हे सारे नखरे गिअरबॉक्सच्या तेलावर चालतात, असे त्यांचे मत. नवे तेल कुंकवासारखे लालभडक. जुने झाले की काढ्यासारखे काळे. ते बोटांत चोळून, हुंगून, मालकाने गाडी कशी चालवली हे मिस्त्री असे सांगत की मालकाने खाली पाहावे. प्रत्येक गाडीचे काढलेले तेल ते बाटलीत भरून फळीवर मांडून ठेवत. त्या फळीपुढे उभे राहिले की एखाद्या औषधशाळेत आल्यासारखे वाटे. काढले तेवढेच मापून ओतले आणि काम संपले, असे मानणाऱ्यांचा त्यांना विलक्षण राग. ते म्हणत, "आधीच कमी आसंल तर? मंग तुम्ही जुनी चूकच मापून घातली की!" म्हणून तेल ओतल्यावर इंजिन चालू ठेवायचे, तेल ठरावीक गरम होऊ द्यायचे, आणि बाजूचा बोल्ट काढून पातळी पाहायची. तेलाची बारीक धार आली तर भरले. न आली तर आणखी घालायचे. याला अर्धा तास लागे, आणि त्या अर्ध्या तासात मिस्त्री इंजिनाशेजारी असे बसत की मला माझ्या गुरूंच्या जपाची आठवण होई.

आता मला जे सांगायचे आहे ते सांगताना लेखणी जड होते. एका शुक्रवारी आम्ही सहकुटुंब माहूरला रेणुकामातेच्या दर्शनास निघणार होतो. त्याच सकाळी तेल बदलण्यासाठी मी दुकानात बसलो होतो. मुलगा हार-नारळ आणण्यास गेला होता. तेल ओतून झाले, इंजिन सुरू झाले, आणि मी घड्याळ पाहिले. साडेदहाला राहुकाळ लागत होता. "मिस्त्री, बोल्ट बसवा. आम्हांला निघायला हवे."

"गुरुजी, पातळी पाहायची राहिली हाय." मग ते अगदी सहज म्हणाले, "तुमच्यात प्रस्थान ठेवतात ना? एक पिशवी वेळेत शेजाऱ्याच्या घरी ठेवा. मुहूर्त बी सांभाळला, गाडी बी सांभाळली."

उपाय शास्त्रोक्त होता. जन्मभर मी तो लोकांना सांगत आलो. पण तो मला सुचला नाही आणि तेलकट हातांच्या माणसाला सुचला, हे मला सोसले नाही. "शास्त्र मला शिकवू नका," मी म्हणालो. दुकानातले दोन-तीन लोक वळून पाहू लागले. मिस्त्रींनी मुकाट्याने बोल्ट बसवला. तेवढ्यात मुलगा आला. "झालं का बाबा?" मी म्हणालो, "झालं." मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिले आणि मुलाला एवढेच सांगितले, "सावकाश जावा. काही वाटलं तर फोन करा."

भोकर मागे पडले. हिमायतनगरच्या पुढे एका चढावर इंजिन गरजू लागले आणि गाडी मात्र पुढे सरकेना. मुलाने फोन लावला. मिस्त्री नांदेडहून मोटारसायकलवर येईतो मी सुनेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "हल्ली कोणाचे कामात लक्ष नसते." हे वाक्य मी उच्चारले. आजही ते आठवले की संध्या करताना हात थांबतो.

मिस्त्री आले. त्यांनी गाडी एका सपाट अंगणात ढकलत नेली, पातळी पाहिली, जवळजवळ लिटरभर तेल घातले. मुलाने रागाने विचारले, "इतकं कमी कसं राहिलं?" मी हातात जपमाळ धरून शेजारीच होतो. मिस्त्री हात जोडून म्हणाले, "माझीच चूक झाली. पाहायचं राहून गेलं."

मी जपमाळेचा पुढचा मणी ओढला. माहूरला देवीसमोर उभा राहिलो, पण दृष्टी तिच्या पायांवरून वर गेली नाही.

मुलाने गाडी दुसरीकडे नेण्यास सुरुवात केली आणि कार्यालयातल्या स्नेह्यांनाही तसेच सांगितले. त्या सर्वांच्या गाड्या मिस्त्रींकडे येईनाशा झाल्या. मला हे कळत होते, आणि मी सत्यावर प्रवचने करीत राहिलो. अखेर काही महिन्यांनी एकदा दुकानात गेलो. मिस्त्री एका गाडीखाली होते. केवळ पाय दिसत होते. मी वाकून त्या पायांनाच म्हणालो, "मिस्त्री, त्या दिवशी चूक माझी होती."

आतून आवाज आला, "मला कशाला सांगता, गुरुजी? मला तर ठाऊकच हाय."

दुपारी मुलगा जेवायला आला तेव्हा मी त्याला सारे सांगितले. त्याचा घास हातातच राहिला. तो म्हणाला, "त्यांनी माझ्यापुढे हात जोडले होते, बाबा. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस. आणि तुम्ही बघत होतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने गाडी बाहेर काढली. मी उपरणे घेऊन फाटकापर्यंत गेलो आणि विचारले, "मिस्त्रींकडे मीही येऊ का?"

"नको," तो म्हणाला. "आज मला एकट्याला जाऊ द्या."

गाडी कोपऱ्यावरून वळून दिसेनाशी झाली, तरी मी कितीतरी वेळ फाटकाशी उभा होतो.