एकोणसाठमधला ण

ही गोष्ट सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. घरात जुन्या नोकरीचा विषय निघाला की मी उठून गॅलरीत जायचो. आता सत्तरी उलटली आहे आणि माझी चूक अजून दुसऱ्याच माणसाच्या नावावर आहे, म्हणून लिहितो.

महाप्याच्या एका कंपनीत मी नेटवर्क विभागाचा प्रमुख होतो. वाशीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबचं काम आमच्याकडे होतं. तिथे इंटरनेटच्या दोन लाइनी होत्या. एक खास घेतलेली लीज लाइन, दुसरं साधं ब्रॉडबँड. राउटर एरवी एवढंच बघतो, की माहिती कुठे जायची आहे. पॉलिसी बेस्ड राउटिंग केलं की ती कुठून निघाली हेही तो बघतो आणि त्याप्रमाणे वाट ठरवतो. तपासणीच्या यंत्रांची माहिती लीज लाइनने आणि बाकी सगळी ब्रॉडबँडने, असा नवा नियम आम्हाला लिहायचा होता. यंत्रांच्या पत्त्यात एकोणसत्तर हा आकडा होता, प्रशिक्षणाच्या खोलीतल्या कॉम्प्युटरांच्या पत्त्यात एकोणसाठ. रिपोर्ट ज्या रुग्णालयात जायचे, ते फक्त लीज लाइनवरून आलेलंच आत घेत असे.

वाशीला राउटरपाशी आमच्या विभागातल्या एक बाई बसल्या होत्या. करावे गावच्या, चाळिशीच्या. रविवार घालवून, परीक्षा देऊन राउटरचं काम शिकलेल्या आणि माझ्याहून काटेकोर. माझ्या निवृत्तीनंतर विभाग त्यांच्याकडे द्यायचं जवळजवळ ठरलं होतं. त्यांच्या बोलण्यात ण चा न व्हायचा. त्यावरून त्यांना चिडवायची आमच्या मजल्यावर रीतच पडली होती. ती मी पाडली होती.

मी महाप्याहून, फोन स्पीकरवर टाकून, चिठ्ठीवरचे आकडे वाचत होतो.

"एकोनसाठ ना, सर?" त्यांनी विचारलं. "साठाला एक कमी?"

"एकोनसाठ नाही हो मॅडम, एकोणसाठ! बाणातला ण!"

आजूबाजूचे हसले.

"हसा तुमी. पन आकडा तोच ना? पक्कं हाय?"

"आधी ण म्हणा, मग सांगतो."

"एको... ण... साठ."

"शाब्बास! टाका आता."

त्यांनी टाकला. नवा नियम प्रशिक्षणाच्या खोलीला लागला आणि यंत्रं त्याच्या बाहेर राहिली. त्यांची माहिती ब्रॉडबँडने जाऊ लागली, रुग्णालय ती घेईना. दुपारपर्यंत एकही रिपोर्ट पोचला नाही. चूक शोधून काढली तीही बाईंनीच.

कंपनीच्या साहेबांनी मला वर बोलावलं. जिन्यात मी खिशातली चिठ्ठी काढून पाहिली. माझ्याच अक्षरात ५९ होते.

"चुकीचा आकडा आला कुठून?" साहेबांनी विचारलं.

"मी एकोणसत्तर सांगितलं होतं," मी म्हणालो. "त्यांचं ण चं तुम्हाला माहीतच आहे."

साहेब हसले. फोनच्या वेळी जवळ बसलेल्यांना विचारलं गेलं, पण त्यांना ण आठवत होता, आकडा कोणालाच आठवत नव्हता. माझी थट्टाच माझी साक्षीदार झाली.

दुसऱ्या दिवशी बाई माझ्या टेबलापाशी आल्या. "सर, मी दोनदा इचारलं होतं."

मी स्क्रीनकडे बघत राहिलो. त्या निघून गेल्या.

त्यांच्याकडून राउटरचं काम काढून घेतलं. केबलींना लेबलं लावायची आणि स्टोअरमधलं सामान मोजायचं, एवढंच त्यांना उरलं. विभाग दुसऱ्याला मिळाला. काही महिन्यांनी त्यांनी राजीनामा दिला. निरोपाच्या चहाला मी रजा टाकली होती.

गेल्या वर्षी वाशीत चष्म्याच्या दुकानात बसलो होतो. काउंटरवर एक बाई स्वतःचा फोन नंबर सांगत होत्या. "एकोणीस" म्हणताना त्या ण च्या आधी किंचित थांबल्या आणि मग जोर देऊन तो नीट म्हणाल्या. चेहरा दिसायच्या आधी मी त्या थांबण्यावरून ओळखलं.

"सर? कसे आहात?"

"बरा आहे. तुमचं बोलणं अगदी..."

"हो, सवय लागली," त्या हसून म्हणाल्या. "आता ण चुकत नाही. पण घरचे हसतात, म्हणतात, तू कुठली?"

तेवढ्यात दुकानदाराने मला डोळे तपासायला आत बोलावलं. मी गेलो. त्याला दोन मिनिटं थांब म्हणता आलं असतं. बाहेर आलो तेव्हा त्या गेल्या होत्या.

आत त्या खुर्चीत, भिंतीवरची अक्षरं वाचताना, मनात जुळवलेलं वाक्य असं होतं: मॅडम, तुम्ही बरोबर ऐकलं होतं, बरोबर विचारलं होतं, आकडा माझा चुकला आणि खोटं मी बोललो, मला माफ करा.