शरण आलेल्याचं काम

"अभिनय कसला करतोस? गावात बसायचास तसा बस."

साहेब बोलले आणि समोर खुर्च्यांवरची मंडळी हसली. मी फरशीवर गुडघे टेकले. हात डोक्यावर घेतले.

बहरैनमध्ये होतो मी. कुवेतचं युद्ध संपून काही वर्षं झाली होती. तुबलीच्या एका वर्कशॉपात वेल्डर होतो. साहेब तिथलेच मॅनेजर, पुण्याचे. तिथल्या मराठी लोकांनी गणपतीत नाटक बसवलं होतं. पाणबुडी शरण येते, तिचे खलाशी कैदी होतात, अशी गोष्ट. जिंकणारा अधिकारी साहेब. संवाद सगळे इंजिनियरांना. आम्ही चौघे कामगार कैदी. बोलायचं काही नाही.

पहिल्या तालमीला साहेबांनी विचारलं होतं, "गाव कुठलं?"

"महाडजवळ."

"आडनाव?"

सांगितलं. त्यांनी नुसतं "हं" केलं. दुसऱ्या दिवसापासून माझा चहा प्लॅस्टिकच्या ग्लासात. बाकी तिघांना कप.

तिघांतला इस्माईल रत्नागिरीचा. माझ्याच खोलीत राहायचा. त्यानं पाहिलं. खोलीवर म्हणाला, "पी गपचूप. आपले पासपोर्ट त्यांच्याकडे आहेत."

त्या शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, जिदहफ्सच्या बाजारात एकटाच भटकलो. चहूकडे माणसं बोलत होती. बायकोला फोन लावावा वाटलं. पण सांगणार काय? एवढा समुद्र ओलांडला, तरी इथंही तेच? नाही लावला.

प्रयोगाला हॉल भरला होता. बायका, पोरं, सगळे. साहेब बूट वाजवत आले. ओरडले, "गुडघे टेका!"

तिघे बसले. मी उभा.

माझ्या मनात काही ठरलेलं नव्हतं. पाय वाकलेच नाहीत.

साहेब जवळ आले. दातओठ खात हळूच म्हणाले, "बस खाली. तमाशा नको."

मी मोठ्यानं म्हणालो, "नाही बसणार. मला चहा वेगळ्या ग्लासात का देता, ते सांगा आधी. सगळ्यांसमोर सांगा."

कुणीतरी पडदा पाडला. माझ्या बाजूनं एक माणूस उठला नाही. इस्माईल गुडघ्यांवरच होता, खाली बघत.

शनिवारी साहेबांनी ऑफिसात बोलावलं. "माफी माग. नाहीतर खलास, घरी जा."

"माफी नाही मागणार. पासपोर्ट द्या."

पासपोर्ट घेऊन बाहेर पडलो.

विमानतळावर सोडायला कुणी आलं नाही. खोली सोडताना इस्माईलनं फक्त बॅग दारापर्यंत आणली.

गावात काम नव्हतं. बायको दोन दिवस रडली. लोक म्हणाले, येडा झालास, चांगली नोकरी घालवलीस. घालवली. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा घालवीन. आणि पुन्हाही एकटा पडलो तरी चालेल. पण कुणासमोर गुडघे टेकणार नाही. नाटकातसुद्धा नाही.