तंबाखूच्या तराजूतला अमेरिकन पैसा

अमेरिकेत लढाई जुंपली आणि आमच्या वऱ्हाडात कापसाला सोन्याचा भाव आला. अकोल्यात जो तो चांदी घडवत सुटला होता. बैलांच्या शिंगांनासुद्धा चांदीच्या शेंब्या! आणि मी, कापसाच्या वखारीतला साधा कारकून, तांब्याच्या पैशांमागे हिंडत होतो. घरचे म्हणायचे, "येड लागलं का याले?" म्हणा!

येड लावलं ते वखारीत यंत्र बसवायला आलेल्या अमेरिकन मेस्तरीनं. त्याच्याकडे त्याच्या देशाचे जुने, जाडजूड तांब्याचे पैसे होते, वर मोकळ्या केसांची बाई. दोन त्यानं मला दिले. म्हणाला, अगदी पहिले निघाले त्यांच्या पाठीवर साखळीचं कडं होतं. लोकांना ते आवडलं नाही, म्हणून लगेच बंद केले. तसला त्याला स्वतःलाही कधी मिळाला नव्हता.

आणि मला तो दिसावा कुठं? अमरावतीच्या बाजारात, तंबाखूवाल्या चाचांच्या तराजूत! कुठल्या जहाजातून, किती हातांतून आला, देव जाणे. पैसाभर तंबाखू तोलायला त्यांनी तो वजन म्हणून ठेवलेला.

"चाचा, हा मले द्या. बदल्यात चांदीचा रुपया घ्या."

"रुपयानं काय तोलू? गिऱ्हाइकाचा भरोसा या वजनावर हाय."

कामानं अमरावतीला गेलो की मी त्यांच्यापुढं जाऊन बसायचो. दर खेपेला नाहीच. एकदा वैतागून म्हणालो, "काहून देत नाई?" तर त्यांनीच उलट विचारलं, "तुमाले काहून पायजे?" खरं तेच सांगितलं, असे पैसे जमवतो म्हणून. चाचा डोळे बारीक करून हसले. "तांब्यासाठी कोनी इतकं फिरते का, मुन्शीजी? राहू द्या, नका सांगू. समजलं मले."

काय समजलं, कपाळ!

पुढच्या खेपेला त्यांनी आपणहून पैसा माझ्या हातावर ठेवला. मधोमध भोक, त्यात काळा दोरा. "अचलपूरच्या दर्ग्यावर नेऊन आनला. लेकराच्या गळ्यात बांधा, ताप पळते."

आजारी पोराच्या गळ्यात तांब्याचा पैसा बांधायची आमच्याकडे रीतच. दृष्ट लागेल म्हणून मी पोराचं दुखणं लपवतोय, असं चाचांनी गृहीत धरलेलं. साखळीच्या ऐन मध्ये खिळा ठोकलेला, पलीकडं बाईचा गाल फाटलेला! आणि माझी पोरगी घरी ठणठणीत, अंगणभर उड्या मारत होती. मोठ्यानं ओरडावंसं वाटलं. रुपया काढला तर चाचांनी माझा हात मागं सारला.

मेस्तरीनं तो पैसा पाहून डोकंच धरलं. मी त्याच्यावरच खेकसलो.

त्यानंतर अमरावतीला गेलो, तर एक गिऱ्हाईक नव्या वजनावरून चाचांशी भांडत होतं. "पैसाभर म्हनता अन् चिमूटभर देता!" मला पाहताच चाचांनी तराजू खाली ठेवला.

"उतरला का ताप?"

मी आतल्या आत जळत होतो. "उतरला, चाचा."

त्यांनी दोन्ही हात वर केले, डोळे मिटले. मग त्या भांडणाऱ्याच्या ओंजळीत मूठ भरून तंबाखू टाकला. "घे बाबा. आज न तोलता घे."