बदामाचा बादशहा

मी गणित घेऊन बी.एस्सी. झालो तो माझी थोरली बहीण सगुणाताई हिच्यामुळे. यवतमाळच्या जिनिंगमध्ये कापूस निवडून तिने मला अमरावतीला शिकवलं आणि पास झालो तेव्हा एक हिरवा फाउंटन पेन दिला. तो पेन मी उमरखेडला, सासुरवाडीत, पहिल्या दिवाळसणाला पत्त्यांत हरलो. मला अजून राग आहे. (स्वतःचा नाही, त्या सगळ्यांचा!)

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी ओसरीवर सतरंजी पसरली. आम्ही आठ जण, लावायला भाजलेल्या शेंगा. घरची रीत अशी: प्रत्येकाला दोन पानं आणि मधोमध एक उघडं, ते सगळ्यांचं. तिन्ही मिळून डाव.

हॉस्टेलमध्ये मी नावाजलेला! तिथे आम्ही तिघे खेळायचो. हातात काही नसताना मी गंभीर चेहऱ्याने मोठी बोली लावली की बाकीचे मुकाट पानं टाकायचे. इथेही तेच केलं. हातात दुरी-पंजी, आणि एकदम वीस शेंगा सरकवल्या!

सातही जणांनी वीस-वीस शेंगा ओतल्या.

“अहो, कोणीतरी पानं टाका ना!”

“काहून टाकू?” सासरे म्हणाले. “शेंगा घरच्या वावरातल्या हायेत, जावईबापू.”

हरलो. सहा डाव असेच. वर चुलतसासरे मधल्या ढिगातल्या शेंगा फोडून खात होते!

“अहो, तो डाव आहे!” मी ओरडलो.

“मस्त भाजला हाये. घ्या, तुमी बी खा. कायले चिडून राह्यले?”

मग मी धोरण बदललं. थापा बंद! पक्की पानं आली तरच बोलायचं. सातव्या डावाला मधोमध बदामाचा बादशहा उघडला, आणि माझ्या हातात चौकटचा बादशहा नि एक्का. बादशहाची जोडी! पण शेंगा संपलेल्या.

“सरल्या?” आत्याबाई म्हणाली. ही सासऱ्यांची बहीण, पत्ते उलटे धरून बसलेली. “मंग बसा गुमान, पाहा आमचा खेळ.”

गुमान? मी? खिशातला पेन काढून दाणकन मध्ये ठेवला. आत्याबाईने शांतपणे आपला अडकित्ता ठेवला.

मी जोडी आपटली.

“माह्याजवळ तं जोडी बी नाई,” ती म्हणाली. “नुसते बदामच हायेत तिन्ही.”

तिन्ही बदाम म्हणजे कलर. जोडी मेली! मधला बादशहा आठ जणांचा होता, आणि मी तो एकट्याचा धरून बसलो होतो. असली गणितं मी परीक्षेत पैकीच्या पैकी सोडवली होती!

“आत्याबाई, तुम्हाला लिहिता येत नाही. पेन कशाला?”

“कामात येईन ना, बापू.”

संध्याकाळी पाहिलं, तर पेनाच्या क्लिपला बांधून ती परकराचा नाडा ओवत होती! रागाने मी अनारशांना हात लावला नाही. कोणी आग्रहही केला नाही.

दुसऱ्या दिवशी पत्र टाकलं:

ती. सगुणाताईस साष्टांग नमस्कार. हे पत्र कोणाकडून वाचून घेऊ नकोस, स्वतःच अक्षरं लावून वाच. पेन्सिलीने लिहितो, रागावू नकोस. पेन सुखरूप आहे, वापरात आहे, फक्त शाई लागत नाही. परत मागितला तर आत्याबाई म्हणते, खेळून घ्या. तेव्हा तू एकदा उमरखेडला ये. तुला पत्त्यांतलं काहीच कळत नाही, म्हणजे तू नक्की जिंकशील.

तुझा विठ्ठल, बी.एस्सी. (गणित)